द्या काय द्यायचं ते

चिखलदऱ्यात फ्रेंच जेवण मिळत नाही. ही तक्रार नव्हे, माहिती आहे. १११८ मीटर उंचीवरच्या या गावात रबडी मिळते, खवा मिळतो, पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेलं कणीस मिळतं, इथल्याच मातीतली कॉफी मिळते आणि धुकं तर फुकट मिळतं. फ्रान्सशी आमचा संबंध आहे, पण तो जरा वाकड्या वाटेनं. ज्या आर्थर वेलस्लीनं डिसेंबर १८०३ मध्ये आमचा गाविलगड घेतला, त्यानंच पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला धूळ चारली. म्हणजे फ्रेंचांना हरवण्याची रंगीत तालीम आमच्याकडे झाली, असं आम्ही पर्यटकांना सांगतो. पर्यटक मान डोलावतात आणि रबडीचा भाव विचारतात.

स्वयंपाकाशी मात्र आमचा संबंध थेट महाभारतापासूनचा आहे. कीचकाला मारून भीमानं याच दरीत फेकला, म्हणून हा कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा, आणि मारून झाल्यावर भीमानं जिथं अंग धुतलं ते भीमकुंड, असं इथं सांगतात. पण त्या वेळी भीम काय होता? विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होता! पगारपत्रकावर त्याचा हुद्दा आचारी. तेव्हा ज्या गावाचं नावच एका आचाऱ्याच्या कर्तबगारीवरून पडलं, त्या गावातल्या बँकेच्या कारकुनानं जेवणावर चार शब्द लिहिले तर वाचकांनी राग मानू नये. शिवाय मी बी.कॉम. आहे. जेवणात मला पहिल्यांदा दिसते ती किंमत, मग पदार्थ.

आणि किंमत दिसली नाही तर? सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आमचे साडूभाऊ पुण्यात असतात. 'असतात' हे क्रियापद त्यांना कमी पडतं, पण मराठीत दुसरं नाही. गेल्या वर्षी त्यांनी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस फ्रेंच पद्धतीच्या एका हॉटेलात साजरा केला आणि आम्हाला अगत्यानं बोलावलं. गल्लीतलंच हॉटेल, पण दारात उभा असलेला माणूस आमच्या रीजनल मॅनेजरपेक्षा चांगल्या कपड्यांत होता. आत इतका मंद उजेड की आमच्या शाखेत एवढ्या उजेडात व्हाउचर पास केलं असतं तर ऑडिटरनं शेरा मारला असता. टेबलाशी बसल्यावर प्रत्येकाच्या हातात एकेक जाडजूड कार्ड दिलं. मी सवयीनं उजवी बाजू बघितली. उजवी बाजू कोरी! नुसती पदार्थांची नावं, आकडा एकही नाही. आमच्या सौ.चं कार्ड बघितलं, तेही कोरं. मेहुणीचं कोरं. आकडे होते ते फक्त यजमानांच्या, म्हणजे साडूभाऊंच्या कार्डावर. पाहुण्याला किंमत कळून त्याच्या मनावर दडपण येऊ नये म्हणून अशी दोन तऱ्हेची कार्डं ठेवण्याची जुनी युरोपी रीत आहे म्हणे.

आता ज्यानं ही रीत काढली त्याला मध्यमवर्गीय मनाची काडीचीही माहिती नसावी. किंमत दिसली तर दडपण येतं ते ठरावीक रकमेचं. न दिसली तर त्याला मर्यादाच नाही. मी साडूभाऊंच्या चेहऱ्यावरून भाव वाचायचा प्रयत्न करू लागलो. मी म्हटलं, "हे मशरूमचं सूप...", त्यांची भुवई हलली नाही. म्हणजे परवडणारं असावं. सौ.नं माशाच्या पदार्थावर बोट ठेवलं तेव्हा त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मी टेबलाखालून सौ.च्या पायाला खूण केली. तो पाय मेहुणीचा निघाला, पण ते असो.

जेवण एकेक करून आलं. परातीएवढ्या पांढऱ्या ताटात मध्यभागी एक पदार्थ, आणि भोवती नक्षत्रांसारखे चटणीचे ठिपके. सौ. हळूच म्हणाली, "बाकीचं वाढायचं राहिलं वाटतं." मी तिला गप्प केलं. पुढे घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की एकामागून एक पदार्थ आणण्याची ही तऱ्हा मुळात फ्रेंचांची नव्हेच, ती एकोणिसाव्या शतकात रशियनांकडून तिथं गेली. त्याआधी फ्रेंच मेजवानीत खूपसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. म्हणजे डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी असं भरलेलं आमचं ताट हीच जुन्या फ्रेंच चालीच्या जवळची गोष्ट, आणि सौ.नं विचारलेला प्रश्न इतिहासाला धरून होता. हे मी तिला सांगितलं नाही. नसत्या सवयी लागतात.

आणखी एक गंमत वाचली. 'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात जागेचा नाही, पदार्थाचा आहे. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून द्यायचं कढण, ते 'रेस्टॉरंट'. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये अशा कढणाची दुकानं निघाली, आणि कढणाचं नाव दुकानाला चिकटलं. म्हणजे आपल्याकडे आजाऱ्याला पेज देतात, त्या पेजेचं हे दुकान! तिथला खरा नवेपणा पेजेत नव्हता. तो होता मांडणीत. खाणावळीत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर, यजमान वाढील ते खायचं, असा तोवरचा रिवाज. या नव्या दुकानात तुम्ही तुमच्या वेळी यायचं, वेगळ्या टेबलावर बसायचं, आणि हातात एक यादी यायची. यादीत पदार्थ, पदार्थापुढे किंमत. खिशात असेल ते मागवा. मला विचाराल तर ही लहानसहान क्रांती नव्हती. सरदार असो वा शिंपी, कांद्याच्या सुपाची किंमत दोघांना तीच, आणि खाण्याआधी माहीत. १७८९ ची मोठी क्रांती त्यानंतरची.

आणि बरोबर दोनशे वर्षांनी, १९८९ साली, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात झोडिअ‍ॅक ग्रिल नावाचं उंची युरोपी जेवणाचं दालन निघालं, तेव्हा त्यांनी काय केलं? किंमती काढून टाकल्या! सुरुवातीच्या त्या काळात कार्डावर आकडाच नव्हता. जेवा, आणि जेवढ्याचं वाटलं तेवढं द्या. पुढे तिथंही किंमती आल्या. पण जितके दिवस नव्हत्या तितके दिवस मुंबईतल्या श्रीमंतांनी काय सोसलं असेल याची मला कल्पना करवत नाही. कारण एरवी श्रीमंत माणसाला आपली श्रीमंती दाखवायला दुसऱ्यानं लावलेली किंमत लागते. इथं त्याला स्वतःच आकडा लिहायचा. कमी लिहिला तर वेटर बघतो, जास्त लिहिला तर बायको बघते, आणि बरोबर किती हे तर परमेश्वरालाही ठाऊक नाही.

बरोबर किती? बी.कॉम.ला आम्हाला याचं उत्तर होतं. माल, मजुरी, वरकड खर्च, त्यावर नफा. पण हे सूत्र घेऊन झोडिअ‍ॅक ग्रिलमध्ये बसा बघू! चीजचे किती, बटाट्याचे किती, पियानोच्या सुरांचे किती, खिडकीबाहेरच्या समुद्राचे किती? अर्थशास्त्राच्या सरांनी दुसरं उत्तर दिलं होतं: गिऱ्हाइकाला जेवढं समाधान, तेवढी किंमत. मग दोन दिवसांच्या उपाशी माणसानं सगळी इस्टेट लिहून द्यावी, आणि अजीर्ण झालेल्यानं उलट पैसे मागावेत. अमेरिकेत पनेरा नावाच्या पावाच्या दुकानांच्या मोठ्या कंपनीनं २०१० पासून काही दुकानं 'द्या जे जमेल ते' या तत्त्वावर चालवली. ज्याला जमतं तो जास्त देईल, त्यातून न जमणाऱ्याचं पोट भरेल, हा विचार. २०१९ मध्ये शेवटचं दुकान बंद झालं. माणूस वाईट आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. माणसाला आकडा लागतो, एवढाच काढतो.

आता हे सगळं मी खुर्चीत बसून लिहीत राहिलो असतो, आणि संपादकांनी ते 'विनोदी' या सदरात छापलंही असतं. पण मध्यंतरी एक प्रसंग घडला, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात रबडीच्या कढईसारखा आटतो आहे.

बँकेच्या कामाला आम्ही चौघं मेळघाटातल्या आतल्या एका गावी गेलो होतो. आमचे शाखाधिकारी, मी, बँकमित्र म्हणून काम करणारा एक पोरगा आणि जीपचा ड्रायव्हर. खात्यांना आधार जोडणे, बोटांचे ठसे घेणे, असलं काम. मशीनला रेंज नाही, म्हाताऱ्या कोरकू बायांच्या बोटांवर ठसा नाही. आयुष्यभर काम करून बोटांच्या रेषा झिजल्या, आणि आता मशीन म्हणतं, ही बाई ही बाई नव्हे! दुपारचे अडीच झाले. हॉटेल सोडाच, चहाची टपरी नाही. अशात एक बाई म्हणाली, "खाना खा लो." तिनं चुलीवर ज्वारीच्या भाकरी टाकल्या, तुरीचं वरण केलं, हिरव्या मिरच्या तव्यावर परतून मिठाबरोबर वाटल्या. तिनं वाढलं आणि आम्ही जेवलो. त्या जेवणाचं वर्णन मी करणार नाही. भूक लागलेल्या माणसाची साक्ष चवीच्या बाबतीत ग्राह्य धरू नये, हे मला कळतं.

हात धुतल्यावर शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, "किती झाले?"

बाई म्हणाली, "देना हो सो दे दो. घर का ही था."

झालं! पुन्हा कोरं कार्ड. साहेबांनी दोनशेच्या दोन नोटा काढल्या. बाईनं दोन्हीकडे पाहिलं, एक परत दिली आणि एक घेऊन निघून गेली. पाव तासानं आली ती हातात शंभर-वीस रुपयांची मोड घेऊन. दहाच्या नोटा, पाचाची नाणी, दोन-तीन घरं फिरून गोळा केलेली. तिनं ती साहेबांच्या हातावर ठेवली. ऐंशी रुपये. माणशी वीस. मी मोड मोजली. सवय! चोख होती.

साहेब म्हणाले, "अहो, हे फारच कमी होतं." त्यांनी पैसे परत पुढे केले. बाई नुसती हसली आणि भांडी उचलू लागली. तेव्हा आमचा ड्रायव्हर मध्ये पडला. तो अचलपूरकडचा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, "साहेब, थे बाई म्हनते ऐंशी, तं ऐंशी. तुमी कायले वाढवून राह्यले? बँकेत कोनी ऐंशी भरले, तं तुमी दोनशे लिहून घेता काय?"

साहेबांकडे याला उत्तर नव्हतं. बँकिंगच्या कुठल्याच परिपत्रकात ते नाही.

परतीच्या वाटेवर घाट चढताना मी मनात हिशेब मांडला. ज्वारीचं पीठ, डाळ, तेल, तिखट-मीठ. गावातल्या किराणा दुकानाच्या भावानं चार माणसांचे साधारण ऐंशी रुपये होतात. म्हणजे बाई हिशेबाला कच्ची नव्हती. तिनं दुकानातून आणलेल्या प्रत्येक वस्तूचे पैसे घेतले. लाकडं रानातली, त्यांचे शून्य. पाणी हापशीचं, त्याचं शून्य. तिची स्वतःची दोन तासांची मेहनत, चुलीचा धूर, तव्याचा चटका, त्याचंही शून्य. आणि पुण्याच्या त्या हॉटेलात? तिथं नेमकी पिठाची किंमत शून्याच्या जवळ होती, बाकी सगळ्याची लावली होती. दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाचीसुद्धा. मग या दोन बिलांपैकी खोटं कोणतं?

ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तिनं तिचा भाव सांगतला. त्याच्यावर जे देसान थे भीक हाये. तिनं काऊन घ्यावी?" हे मला पटलं. पाच मिनिटं पटलं. मग वाटलं, तिचा भाव वीस रुपये का? कारण तिच्या मेहनतीला किंमत असते असं तिला आजवर कुणी सांगितलेलंच नाही. जिनं स्वतःला फुकट धरलं, तिच्याशी 'तुझा भाव तू ठरव' म्हणून प्रामाणिकपणे व्यवहार करणारा मी, प्रामाणिक की फक्त फायद्यात? शिष्टपणे वर पैसे ठेवावेत तर तिचा अपमान, न ठेवावेत तर तिची लूट. मधली जागा मला सापडेना. जीप घाटातल्या वळणावर होती, तिथंही मधली जागा नसते.

सक्तीनं देणं हा एक उपाय झाला. मोठ्या हॉटेलांत बिलातच 'सर्व्हिस चार्ज' लावून टाकायचे. २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की तो आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. कायद्याचं म्हणणं बरोबर आहे. कृतज्ञता सक्तीची करता येत नाही. पण मग ती कितीची करायची, हे न्यायालयानं सांगितलेलं नाही.

आमच्या भागातल्या दोन माणसांनी हे कोडं आपापल्या परीनं सोडवलं आहे. एक गाडगेबाबा. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ चा. बाबा कुणाच्या दारी भाकर घेत, पण आधी काम करत. लाकडं फोड, अंगण झाड, मग भाकर. म्हणजे बिल आगाऊ चुकतं! डोक्यावर उपडं घातलेलं गाडगं हेच ताट, त्यामुळे ताट किती मोठं आणि पदार्थ किती लहान हा वादही नाही. दुसरे बैरागडचे डॉक्टर रवींद्र कोल्हे. याच मेळघाटात त्यांनी आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी उमेदीची वर्षं घालवली, २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांची फी ठाऊक आहे? पहिल्या वेळी दोन रुपये, नंतर एक रुपया. लोक त्या एक रुपयाचं कौतुक करताना म्हणतात, किती कमी! मला नवल वाटतं ते हे की शून्य का नाही? फुकट तपासणं त्यांना काय जड होतं? मला वाटतं त्या एका रुपयात सगळी ग्यानबाची मेख आहे. शून्य घेतलं की रोगी याचक होतो. एक घेतला की तो गिऱ्हाईक राहतो, आणि गिऱ्हाइकाला भांडायचा हक्क असतो. माझा तर्क आहे हा, डॉक्टरसाहेबांना मी विचारलेलं नाही.

साडूभाऊंना हा सगळा प्रसंग फोनवर सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही पुण्यात जेवलो ते पाप, असं तुम्हाला म्हणायचंय." मी असं म्हणालो नव्हतो. पण मेळघाटाचं नाव घेतलं की माणसाला हे ऐकू येतंच. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली, तेव्हापासून 'मेळघाट' आणि 'कुपोषण' हे शब्द जोडीनं छापले जातात. साडूभाऊंचा युक्तिवाद असा की, "मी ते सूप प्यालो नसतो तर तुमच्याकडच्या पोराच्या वाटीत पडलं असतं का?" नसतं. त्रैराशिक त्यांच्या बाजूचं आहे. उंची हॉटेलात जेवणारा पापी आणि घरी पिठलं खाणारा पुण्यवान, असं मी मानत नाही. कित्येकांचं पिठलं नुसतं कंजूषपणाचं असतं. आणि तिथल्या आचाऱ्यानं कांदा तासभर परतला, ती कला आहे. तिचे पैसे द्यायला माझी हरकत नाही, विशेषतः ते साडूभाऊ देत असताना. हरकत आहे ती त्या कोऱ्या कार्डाला. माझ्यासाठी कुणी काय मोजलं हे मला कळू न देता जेवायला घालणं, यात मला पाहुणचार कमी आणि चलाखी जास्त दिसते. दोनशे चाळीसचं सूप आहे असं कळलं असतं, तर मी ते दोनशे चाळीसचं सूप प्यावं तसं प्यालो असतो, जपून, शेवटच्या थेंबापर्यंत. त्या बाईनं लपवलं नाही. तिनं पुरता हिशेब केला, फक्त त्यात एक खातं उघडायचं राहून गेलं.

ते खातं उघडणार कोण? बचत खातं उघडायचं तर आम्ही उघडतो, शून्य शिलकीवर. हे उघडायला आमच्याकडे फॉर्म नाही. सौ.ला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्या स्वयंपाकाचं खातं तरी कुठंय?" मी विषय बदलला.

काल साडूभाऊंचं पत्र आलं. म्हणजे मोबाइलवर, पण मजकूर पत्राएवढा. ऑगस्टमध्ये धुकं बघायला ते चिखलदऱ्याला येत आहेत, बरोबर त्यांच्या सोसायटीतली सात माणसं. पॉइंट सगळे बघायचे आहेत, पण मुख्य आकर्षण वेगळं आहे. लिहितात, 'त्या बाईंकडेच जेवू. अस्सल अनुभव. पुण्यात असल्या जेवणाचे लोक हजार-बाराशे मोजतील. तिथं रेट काय आहे ते कळवा, म्हणजे सगळ्यांकडून आधीच गोळा करतो.'

मी दोनदा लिहायला घेतलं. वीस लिहावेत तर आठ जणांचे एकशे साठ होतात, आणि ही मंडळी ते खरंच देऊन, 'काय स्वस्ताई!' म्हणत परत जातील. बाराशे लिहावेत तर ते आधी तिला जाऊन सांगावं लागेल, आणि ती बाकीची मोड आणायला साऱ्या गावात फिरेल. ड्रायव्हर म्हणतो, "आधी तिले इचारा तं, आठ मानसाईचं रांधाले तिले टाइम हाये का." हे मला सुचलं नव्हतं, साडूभाऊंनाही नाही. येत्या बुधवारी जीप तिकडे जाणार आहे.